ज्वारी कोणत्या विषयात बसते?

तुझा प्रश्न थोडक्यात असा. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या तुझ्या गावातून ज्वारी जवळजवळ नाहीशी झाली आणि त्यावर तुला समाजशास्त्रात पीएच.डी. करायची आहे. मार्गदर्शक सर म्हणाले, ज्वारी हा कृषी विद्यापीठाचा विषय, आपला नाही. गावातल्या काकांनी विचारलं, "यानं आमाले काय भेटन?" म्हणून तू मला लिहिलंस: ताई, अनेक विषय एकत्र आणणाऱ्या, म्हणजे आंतरविद्याशाखीय, संशोधनाला खरंच काही किंमत आहे का, की अनुदानाच्या अर्जात शोभावा म्हणून वापरायचा तो शब्द आहे?

मी अर्थशास्त्र शिकले आणि गेली सव्वीस वर्षं यवतमाळ, वर्धा, अमरावती या जिल्ह्यांत गावपातळीवरचे अभ्यास करते आहे. माझं उत्तर: किंमत आहे, आणि गाव जितकं भराभर बदलतं तितकी ती वाढते. पण चार विषयांचे लोक एका खोलीत बसवून ती मिळत नाही. शेजारच्या विषयानं आपला मूळ प्रश्नच बदलायला लावला, तर मिळते. तुझ्या ज्वारीवरूनच सांगते.

ज्वारी का गेली, हे कृषी शास्त्रज्ञाला विचार. तो सांगेल की विदर्भातली ज्वारी खरिपाची. कणसं भरताना परतीचा पाऊस झाला की दाणा काळा पडतो आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. सोयाबीन शंभरएक दिवसांत निघतं, दिवाळीच्या तोंडावर हातात पैसा येतो, आणि ओल असेल तर त्याच वावरात हरभरा पेरता येतो. हे सगळं खरं आहे. अर्थशास्त्राचं माणूस यात मजुरी, भाव आणि रेशन मिळवील. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा, आणि २०१५ पासून आत्महत्याग्रस्त म्हणून गणलेल्या १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांनाही दोन रुपये किलो गहू आणि तीन रुपये किलो तांदूळ मिळू लागला. घरात धान्य असताना खाण्यासाठी वेगळी ज्वारी कोण पेरणार? हेही खरं.

आता एखाद्या शेतकऱ्याला विचार. तो या दोन्हींतलं काहीच सांगणार नाही. तो म्हणेल, "डुकरं आन् रोही." रानडुक्कर आणि नीलगाय. पूर्वी शिवारात दोनशे एकर ज्वारी असायची, तेव्हा जनावरांनी आणि पाखरांनी केलेलं नुकसान सगळ्यांत वाटलं जायचं. पेरा घटत गेला आणि शेवटी दोन-तीन वावरांतच ज्वारी उरली, तशी अख्ख्या शिवारातली डुकरं, रोही आणि पाखरं त्याच वावरांवर तुटून पडू लागली. म्हणजे ज्वारी सोडण्याचा निर्णय प्रत्येकानं आपापला घेतला खरा, पण शेजाऱ्यानं सोडली म्हणून याला सोडावी लागली. हा सामूहिक निर्णयाचा प्रश्न आहे. त्यात वन्यजीव संरक्षण कायदा आहे, नुकसानभरपाईचा पंचनामा आहे, आणि रात्री जागलीला, म्हणजे पीक राखायला, कोण जाणार हाही प्रश्न आहे, कारण जागलीला जाणारा सालगडी, म्हणजे वर्षाच्या करारावर राबणारा मजूर, आता गावात राहिलेला नाही. एका पिकाच्या जाण्यात पर्यावरण, कायदा आणि मजुरांचं स्थलांतर एकमेकांत इतकं गुंतलं आहे की फक्त एका विषयाचा धागा ओढला तर तो तुटून हातात येतो.

पुढे बघ. ज्वारी गेली म्हणजे कडबा गेला. कडबा गेल्यावर बैलजोडी पोसणं महाग झालं, आणि ट्रॅक्टर तर आलाच होता. जनावरं कमी झाली तसं शेणखत कमी झालं. जमीन रासायनिक खतावर आली आणि खताची उधारी वाढली. २००६ च्या जुलैमध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा हे ते सहा जिल्हे. जोडधंदा म्हणून त्यात दुभत्या गाई वाटण्याची योजना होती. कागदावर हिशेब चोख होता: इतकं दूध, इतका भाव, महिन्याला इतकी मिळकत. पण वैरण कुठून येणार हे कोणी बघितलं नव्हतं. जास्त दुधाची गाय हिरव्या चाऱ्यावर आणि ढेपेवर चालते, आणि ज्या गावांत ती आली तिथला कडबाही संपत आला होता. कित्येकांनी त्या गाई विकल्या. योजना आखणाऱ्यांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. हिशेब करणारा आणि पीकपद्धती जाणणारा एकत्र बसले नाहीत, त्याचा भुर्दंड आधीच बुडालेल्या कुटुंबावर पडला.

२००८ च्या कर्जमाफीतही असंच झालं. पूर्ण माफीसाठी दोन हेक्टरची मर्यादा होती. लहान शेतकरी म्हणजे गरीब शेतकरी, हे समीकरण पाण्याच्या प्रदेशात बरंचसं लागू पडतं. कोरडवाहू वऱ्हाडात आठ-दहा एकरांचा धनीही पाऊस चुकला की कंगाल होतो, आणि तो मर्यादेबाहेर राहिला. एकराचा अर्थ पावसावर अवलंबून असतो, हे भूगोलाचं साधं ज्ञान त्या आकड्यात उतरलं नव्हतं.

इथवर वाचून तुला वाटेल की ज्वारी परत आणली पाहिजे, असंच ताई म्हणणार. मीही बरीच वर्षं तसंच म्हणत होते. आरोग्याचे कार्यकर्ते भाकरीचं महत्त्व सांगत होते, २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, आणि माझ्या टिपणांतही 'ज्वारीचं पुनरुज्जीवन' असा मथळा होता. मग एका गावात वस्तीच्या टोकाला राहणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या मजूर आजीशी बोलत होते. तिची भाकर, कण्या, आंबील सगळं आठवून झालं आणि मी म्हटलं, गेलं हो आजी सगळं. ती म्हणाली, "जवारी गेली थे बरंच झालं वं बाई. खयावर हात पसरा लागत नाही आता."

मला बराच वेळ काही बोलता आलं नाही. माझ्या हिशेबात ज्वारी म्हणजे पोषण, वैरण आणि मातीचा कस. तिच्यासाठी ज्वारी म्हणजे खळं. वर्षभराच्या कामाच्या बदल्यात खळ्यावर जे सुपात पडेल ते मुकाट घ्यायचं, किती पडावं हे मालकानं ठरवायचं, आणि कोणी कुठे उभं राहायचं हे जातीनं ठरवायचं. सोयाबीन आलं, सोंगणी ठोक्यानं होऊ लागली, मजुरी नगद झाली. ती मजुरी पुरत नाही, हे आजीनंच पुढे सांगितलं. पण ती हिशेबानं मिळते, उपकारानं नाही. ज्वारीबरोबर एक अन्न गेलं आणि एक अपमानही गेला. पोषणशास्त्र यातली एक बाजू सांगतं, जातीचा सामाजिक इतिहास दुसरी. दोन्ही एका पानावर लिहिल्याशिवाय तुझ्या गावातल्या ज्वारीबद्दल खरं वाक्य लिहिता येणार नाही. तुझ्या सरांना हे सांग. हे कृषी विद्यापीठाचं काम नाही, हे समाजशास्त्राचंच आहे. फक्त ते करताना तुला पेरा, कडबा आणि पाऊस समजून घ्यावा लागेल.

माझी स्वतःची एक चूक सांगते, कारण ती तुझ्याकडूनही होऊ शकते. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही कर्जाची पाहणी केली. छापील फॉर्म होता: बँकेचं कर्ज, सोसायटीचं कर्ज, सावकाराचं कर्ज, इतर. लोक बँकेचा आकडा सांगायचे, सावकाराबद्दल गप्प बसायचे, 'इतर' कोरं राहायचं. आम्ही तक्ते केले आणि निष्कर्षही काढले. पुढच्या वर्षी मानवशास्त्र शिकलेली एक मैत्रीण बरोबर आली. आठवडाभर तिनं फॉर्म बाहेर काढलाच नाही. मग तिनं एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली: "कापूस विकला की पहिला पैसा कोणाले द्या लागते? आन् दुसरा?" आणि सगळं बाहेर आलं. कृषी केंद्राची, म्हणजे बियाणं-खत-औषधाच्या दुकानाची, उधारी, जी कर्ज म्हणून कोणी मोजतच नव्हतं. भावकीकडून घेतलेले उसने पैसे. गहाण ठेवलेले डोरल्याचे मणी. बायकोच्या नावावर बचत गटातून उचललेले पैसे, ज्याचा हप्ता तिनं निंदणाच्या मजुरीतून भरायचा आणि ज्याला नवरा 'तिचं' म्हणायचा. लोक आधी खोटं बोलत नव्हते. आमच्या 'कर्ज' या शब्दात त्यांची देणी मावत नव्हती. रांगेत पहिला कोण, यावरून कोणाचा दाब किती हेही कळलं. बहुतेक घरांत पहिला होता कृषी केंद्रवाला, कारण पुढच्या हंगामाचं बियाणं त्याच्याच हातात. माझे आधीचे तक्ते मला फाडावे लागले. त्यातलं गणित चुकलं नव्हतं, प्रश्न चुकला होता.

हा कृषी केंद्रवाला पुढे २०१७ मध्ये पुन्हा समोर आला. त्या वर्षी पावसाळ्याच्या उत्तरार्धात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा झाली. वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यांत दाखल झाली, काहींची दृष्टी गेली. ते दिवस मी विसरू शकत नाही. या घटनेकडे कोणी कसं पाहिलं, ते तू नीट समजून घे, कारण तुझ्या प्रश्नाचं सगळ्यात स्पष्ट उत्तर मला तिथे दिसतं.

डॉक्टरांसमोर विष होतं. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशक शरीरात गेलं की मज्जातंतूंच्या कामाला लागणारं एक विकर (एन्झाइम) बंद पडतं. त्यावर अ‍ॅट्रोपिन देतात. पण रुग्णानं दोन-तीन औषधं एकाच पंपात कालवलेली असली तर नेमकं काय शरीरात गेलं हे कळणं अवघड होतं. शेतीच्या तज्ज्ञांना पीक दिसलं: त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती, त्यामुळे फवारा वर धरावा लागायचा आणि तुषार तोंडावर यायचे. कीटकशास्त्र सांगत होतं की कापसाचा बीटी वाण २००२ मध्ये बोंडअळीवर आला. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांच्यावर त्याचा काही इलाज नव्हता, आणि गुलाबी बोंडअळी तर तोवर त्यालाही दाद देईनाशी झाली होती. म्हणून फवारण्या वाढल्या. प्रशासनाला दिसलं की मजुरांनी मास्क, हातमोजे घातले नव्हते. म्हणून संरक्षक किट वाटले आणि जनजागृती केली.

यातलं काहीच खोटं नाही. पण फवारणारा कोण होता? बरेच जण दुसऱ्याच्या वावरात रोजानं जाणारे मजूर होते. जिथे पंपाच्या हिशेबानं पैसे मिळतात तिथे जितके पंप जास्त तितकी मजुरी जास्त, मग थांबून हात धुवायचे कधी? औषध मजुरानं निवडलेलं नसतं, मालकानं आणलेलं असतं. मालकानं तरी ते कोणाच्या सल्ल्यानं आणलं? कृषी सहायकाकडे कितीतरी गावं, तो भेटणार कधी? सल्ला देतो तो कृषी केंद्रवाला, आणि त्याची उधारी आधीच डोक्यावर असते. त्यानं दोन डबे जास्त दिले तर नाही म्हणायची सोय नसते. डब्यावरचा मजकूर मुंगीएवढ्या अक्षरात. विषाची तीव्रता दाखवायला डब्यावर रंगीत त्रिकोण असतो: लाल, पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे कमी विषारी, विष नाही असं नाही. पण मी कितीतरी जणांकडून ऐकलं, "हिरवा हाय म्हणजे चांगला हाय." आणि सप्टेंबरातल्या दमट उकाड्यात, माणसाच्या उंचीच्या पिकात, ते प्लॅस्टिकचं किट घालून दहा मिनिटंही काम करता येत नाही. हे ज्यानं स्वतः घालून पाहिलं त्यालाच कळतं. मी घालून पाहिलं आहे.

म्हणजे जागरूकता कमी पडली, हे निदान अर्धवट होतं. मजुरीची पद्धत, उधारीची साखळी, शेतकऱ्याला सल्ला देणाऱ्या सरकारी विस्तार सेवेतली पोकळी, लेबलाची भाषा, हवामान आणि किडीची जीवशास्त्रीय वाट ही सहा कारणं एकाच माणसाच्या फुप्फुसात जाऊन भेटली. विषशास्त्रज्ञाशिवाय हे कळलं नसतं, आणि फक्त विषशास्त्रज्ञाकडूनही कळलं नसतं. आंतरविद्याशाखीय संशोधनाची किंमत काय असं कोणी मला विचारलं की मी याच घटनेकडे बोट दाखवते. चुकीच्या निदानावर दिलेला उपाय म्हणजे ते किट. ते आजही कित्येक घरांत खुंटीला टांगलेलं दिसतं.

सरकारी वर्गवारीबद्दल थोडं. शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत मिळते, आणि त्यासाठी प्रकरण 'पात्र' ठरावं लागतं. शेती, कर्ज, वसुलीचा तगादा असे निकष लागतात. ज्याच्याकडे जमीन तोंडी मक्त्यानं, म्हणजे भाड्यानं, होती त्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं. ज्या बाईनं आयुष्यभर वावर केलं तिचंही नसतं. अशी प्रकरणं अपात्र ठरतात, आणि पुढे संशोधक तीच यादी 'डेटा' म्हणून उचलतो. कायदा आणि महसुलाची पद्धत न कळणाऱ्या संख्याशास्त्रज्ञाला वाटतं की बायका शेतीपायी मरतच नाहीत. कोणताही आकडा वापरण्याआधी तो कोणत्या टेबलावर, कोणत्या नियमानं तयार झाला हे पाहा. तुझ्या कामात असा आकडा म्हणजे सातबाऱ्यातला पीकपेरा, कोणत्या वावरात काय पेरलं याची नोंद. वर्षानुवर्षं तो कित्येक ठिकाणी मागच्या वर्षावरून उतरवला गेला आहे. २०२१ पासून ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद, आली, तिचे प्रश्न वेगळे आहेत. तलाठ्याशी नीट बोल. कोणत्या वर्षांवर विसंबायचं हे तो विश्वासात घेऊन सांगेल.

आता जिथे हे जमलं, अशी दोन उदाहरणं. दोन्ही आपल्याच विदर्भातली.

पूर्व विदर्भात हजारो माजी मालगुजारी तलाव आहेत, म्हणजे पूर्वी मालगुजार या जमीनदारांच्या ताब्यात असलेले. कोहळी समाजानं ते बांधले, ढिवर या मच्छीमार समाजानं त्यांत मासेमारी केली. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपली. ते योग्यच होतं, पण तलावांची देखभाल ज्या व्यवस्थेत व्हायची तीही तिच्याबरोबर गेली. सिंचन एका खात्याकडे, मासेमारीचा ठेका संस्थेकडे, गावाचा निस्तार हक्क, म्हणजे रोजच्या गरजांसाठी तलाव वापरण्याचा हक्क, कागदावर. मत्स्यव्यवसायाचा सल्ला आला तो कटला-रोहूचं बीज सोडण्याचा. तलावात बेशरम नावाचं तण माजलं आणि स्थानिक मासे घटले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि त्यांचे ढिवर सहकारी यांनी वेगळी सुरुवात केली. कोणता मासा कुठे अंडी घालतो, कोणत्या पाणवनस्पतीत राहतो, हे ढिवर म्हाताऱ्यांकडून टिपलं. ते वनस्पतिशास्त्राशी पडताळून पाहिलं. उन्हाळ्यात तलावाच्या कोरड्या पात्रात नांगरट करून स्थानिक पाणवनस्पती लावल्या, बेशरम उपटली, आणि यात बायकांचे गट पुढे आले. वनस्पती परतल्या तसे मासे आणि पक्षी परतले. त्या मंडळाच्या नावातच निसर्ग आणि संस्कृती शेजारी आहेत, आणि काम पाहिलं की कळतं, त्यातला एक शब्द काढला तर दुसऱ्याला अर्थ उरत नाही. इथे ढिवरांना कोणी 'माहिती देणारे' म्हणून वापरलं नाही. प्रश्न काय आहे हे त्यांनीच ठरवलं.

दुसरं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांचा अभ्यास करून १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते, आणि त्याआधी तपासणी झालेल्या फक्त आठ टक्के. तोवर ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे कुटुंबनियोजन आणि बाळंतपण, एवढंच मोजलं जायचं. दवाखान्यात येणाऱ्या बाईऐवजी गावात राहणारी बाई मोजायची, हा निर्णय वैद्यकाइतकाच समाजशास्त्राचा होता. बाई दवाखान्यात का येत नाही हे कळलं, तेव्हाच हा आकडा दिसला. पुढे त्यांनी शोधग्राम या आपल्या संस्थेच्या परिसरात रुग्णालय बांधलं तेव्हा ते गोंड गावासारखं ठेवलं आणि त्याला माँ दंतेश्वरीचं नाव दिलं. आजारी माणसाला नातेवाइकांसह राहता येईल अशी रचना केली. इमारतीचा नकाशा काढतानाही मानवशास्त्र लागतं, ते असं.

आता तुझ्या सरांची बाजू, कारण त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. मी असे कितीतरी प्रकल्प पाहिले आहेत ज्यांत अर्थतज्ज्ञानं पहिलं प्रकरण लिहिलं, डॉक्टरांनी दुसरं, भूगोलवाल्यांनी तिसरं, आणि बाइंडिंगवाल्यानं ते एकत्र केलं. कोणी कोणाचं प्रकरण वाचलं नव्हतं. आणि असे विद्यार्थीही पाहिले ज्यांना सगळ्या विषयांचे शब्द येतात, पण एकाही विषयाची पद्धत येत नाही. त्यांना नमुना निवडता येत नाही, मुलाखतीची टिपणं नीट ठेवता येत नाहीत, आणि तक्ता वाचताना ते अडखळतात. सर म्हणतात ते असं ऐक: आधी एका विषयाची शिस्त अंगात मुरव. तुझ्यासाठी ती समाजशास्त्राची. मग दुसऱ्या विषयातलं इतकं शिक की त्यातल्या माणसाला शहाणा प्रश्न विचारता येईल, आणि त्याच्या उत्तरातली ढोबळ चूक ओळखता येईल. तिसऱ्या विषयासाठी माणूस शोध. यवतमाळ-अकोला पट्ट्यात कृषी विद्यापीठाची संशोधन केंद्रं आहेत. तिथला एखादा ज्वारी पैदासकार तुला एका दुपारी जे सांगेल ते वाचनालयात महिनाभर बसून मिळणार नाही.

आणि हे काही परदेशातून आलेलं नवं वारं नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते, तरी जातीवरचा त्यांचा निबंध त्यांनी १९१६ मध्ये मानवशास्त्राच्या चर्चासत्रात वाचला. १९१८ मध्ये त्यांनी भारतातल्या लहान धारणक्षेत्रांवर लिहिलं. त्यात जमीन लहान आहे एवढ्यानं प्रश्न होत नाही, जमिनीवर अडकलेल्या माणसांना दुसरं काम नाही आणि भांडवल नाही हा प्रश्न आहे, अशी मांडणी केली. शेतीच्या दुखण्याचा इलाज उद्योगांत शोधायचा, ही झेप एका विषयाच्या कुंपणात राहून घेता येत नाही. त्यांना ती घेता आली, कारण ज्या समाजाबद्दल ते लिहीत होते त्याचे चटके त्यांनी सोसले होते. तूही शेतकऱ्याच्या घरातली आहेस. तुला जे ठाऊक आहे ते 'माहिती' म्हणून कमी लेखू नकोस.

अडचणी आहेतच. पीएच.डी. समितीत प्रत्येक सदस्य आपल्या विषयाचं माप लावील. अनुदान वर्षाचं मिळतं आणि पीक समजायला किमान दोन हंगाम लागतात. निबंध कुठल्या नियतकालिकाला पाठवायचा हा प्रश्न माझ्यासमोर आजही असतो. एका संस्थेत माझा अर्ज 'हे अर्थशास्त्र नाही' म्हणून परत आला होता आणि त्याचं दुःख बरीच वर्षं राहिलं. याला माझ्याकडे सोपा उपाय नाही. प्रबंधाचा मुख्य युक्तिवाद तुझ्या विषयाच्या भाषेत ठेव आणि बाकीचे विषय पुरावा म्हणून आण, एवढंच सांगते.

काकांचा प्रश्न राहिला. यानं आम्हाला काय भेटेल? हा प्रश्न टाळू नकोस आणि खोटं आश्वासनही देऊ नकोस. मी गावात पहिल्याच दिवशी सांगते की पैसा, योजना, अनुदान माझ्याकडे नाही. जे कळेल ते तुमच्यासमोर, तुमच्या भाषेत वाचून दाखवीन, आणि चुकलं असेल ते तुम्ही सांगा. आणि खरंच वाचून दाखवते. एकदा अशाच वाचनात एका माणसानं उठून सांगितलं की तुम्ही 'मजुरी वाढली' लिहिलं, पण कामाचे दिवस घटले ते लिहिलं नाही. त्याचं बरोबर होतं. ते वाक्य दुरुस्त झालं, आणि त्या गावानं पुढे ग्रामसभेत रोजगार हमीच्या कामाची मागणी करताना आमचेच आकडे वापरले. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा लेखा गावात तर गावकऱ्यांनी अभ्यासगट चालवला आणि त्या बळावर २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाच्या जंगलावरचा गावाचा कायदेशीर हक्क, मिळवला. गावकरी संशोधन करू शकत नाहीत असं ज्याला वाटतं त्यानं तिथे एकदा जाऊन यावं.

आता कामाचं. पोळ्याला गावी जा. म्हाताऱ्या माणसांना विचार की त्यांच्या लहानपणी तोरणाखाली बैलांच्या किती जोड्या उभ्या राहायच्या, त्यांचं लग्न झालं त्या साली किती, आणि यंदा किती. पशुगणना पाच वर्षांनी होते आणि तुझ्या गावाचा जुना आकडा सहज हाती लागणार नाही. पोळ्याच्या जोड्या मात्र लोकांना मालकाच्या आणि बैलांच्या नावांसकट आठवतात. आकडा कमी कधी झाला आणि सोयाबीन कधी आलं, हे एकाच कागदावर मांड. जात्यावर बसलेल्या आज्या अजून असतील तर त्यांच्या ओव्या टिपून घे. त्यांत ज्वारीचं नाव कुठे येतं, आणि भाऊ-नवरा-सासर यांच्यासोबत येतं की मालकासोबत, ते बघ. पाडव्याला सालगड्याचे करार होतात, म्हणजे अजून जिथे होतात तिथे, त्या दिवशी गावात राहा. मुलाखती सोंगणीच्या आणि वेचणीच्या दिवसांत घेऊ नकोस. बाईला वेळ नसतो आणि ती तुला घालवून देण्यासाठी 'हो' म्हणते.

वस्तीतल्या आणि पाटलांच्या घरांतल्या मुलाखती वेगवेगळ्या वहीत ठेव. ज्वारीबद्दल दोन्हीकडे जिव्हाळ्यानं बोललं जाईल, पण जिव्हाळा एकाच गोष्टीबद्दलचा नसेल.

आणि तुझ्या शिवारात अजून कुणीतरी पऱ्हाटीच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, ज्वारीची दोन तासं, म्हणजे दोन ओळी, घालत असेल. बहुतेक गावांत असं एखादं घर असतं. डुकरं येतात, दाणा काळा पडतो, रेशनचा गहू घरात असतो, तरी ते घालतात. पहिली मुलाखत त्यांची घे, आणि घरधन्याच्या आधी घरातल्या बाईशी बोल, कारण ती दोन तासं बहुधा तिनं पेरायला लावलेली असतात.